देणगी कोण का देतं, आणि संस्थेने त्यातलं काय बघायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका छोट्या वसतिगृहाच्या विश्वस्त मंडळावर तुम्ही नुकतेच आलात, देणग्या मिळवायचं काम अंगावर पडलं आणि काही महिन्यांतच मन खट्टू झालं. कुणाला ८०जीची, म्हणजे आयकरात सवलत मिळवून देणारी पावती हवी, कुणाला वडिलांचं नाव भिंतीवर हवं, कुणाला ज्योतिषाने सांगितलंय म्हणून शनिवारीच अन्नदान करायचंय. निःस्वार्थ दान असं काही असतं का, आणि नसेल तर असा पैसा संस्थेने घ्यावा का?

माझी बहुतेक नोकरी निधी उभारण्यातच गेली, त्यामुळे हा प्रश्न मला दर वर्षी कुणीतरी नवा सहकारी विचारतो. निखळ निःस्वार्थी देणगीदार शोधायला जाऊ नका. भेटला तरी तो तोच आहे हे कळायला काही मार्ग नाही. पण "सगळे स्वार्थासाठीच देतात" हेही हिशेबात बसत नाही. माणूस देतो तेव्हा त्याच्या मनात चार-पाच गोष्टी एकत्र असतात आणि त्यातली कोणती मोठी, हे त्यालाही सांगता येत नाही. संस्थेने बघायचं ते वेगळंच: पैसे दिल्यावर हा माणूस कशावर हक्क सांगतो?

आधी करसवलत घेऊ, कारण सगळ्यात जास्त बदनाम तीच आहे आणि तिचा हिशेब सोपा आहे. जुन्या करप्रणालीत ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाने तुमच्या संस्थेला १०,००० रुपये दिले, तर त्यातले निम्मे, म्हणजे ५,००० रुपये, त्याच्या करपात्र उत्पन्नातून वजा होतात. (पूर्ण वजावट मिळणारे निधी मोजके आहेत, आपल्यासारख्या संस्था ५० टक्क्यांत.) वाचलेला कर १,५०० रुपये, उपकर धरून १,५६०. म्हणजे खिशातून ८,४४० रुपये गेले ते गेलेच. १,५६० वाचवण्यासाठी ८,४४० घालवणारा माणूस स्वार्थी असेल, तर त्याचं गणित फार कच्चं आहे असं म्हणावं लागेल.

करसवलतीने देणगी कधी आणि कुणाला हे ठरतं, एवढं मात्र खरं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात फोन वाजत राहतो, आणि ज्या संस्थेकडे ८०जी नाही तिच्याकडे जाणारा चेक शेजारच्या संस्थेकडे वळतो. द्यायचं की नाही, हे त्याआधीच ठरलेलं असतं. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी करप्रणाली आपोआप लागू होऊ लागली. तिच्यात ही वजावट मिळत नाही, तेव्हा आमच्यातल्या अनेकांना धास्ती वाटली होती. माझ्या बघण्यातले बरेच जुने देणगीदार नव्या प्रणालीत गेले, देत राहिले आणि पावतीही मागत राहिले. पावतीचा आता त्यांना काही उपयोग नाही. पैसे पोचले, कुणीतरी ते वहीत लिहिले, याची ती खूण असते. तेव्हा पावती मागणाऱ्याला लगेच हिशेबी ठरवू नका.

खरोखर करासाठीच येणारी एक जमात आहे, ती ओळखून ठेवा. "चेक घ्या, तुमचं कमिशन कापा, बाकीचे रोख परत द्या." हा सरळ गुन्हा आहे. रक्कम कितीही मोठी असो, फोन ठेवून द्यायचा आणि मंडळाच्या पुढच्या सभेत तो प्रसंग इतिवृत्तात नोंदवायचा.

आता नाव. पंख्याच्या पात्यावर "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ" लिहिलेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय आणि हसलोही आहोत, पंखा सुरू झाला की नाव दिसत नाही. पण जरा मुंबईकडे बघा. सर जमशेटजी जीजीभाईंनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या बळावर १८४५ साली उभं राहिलेलं जे. जे. रुग्णालय आजही त्यांच्या नावाने चालतं. त्याच वर्षी माहीमचा कॉजवे खुला झाला, त्यांच्या पत्नी लेडी अवाबाईंनी त्यासाठी १ लाख ५७ हजार रुपये दिले होते आणि त्यावरून जाणाऱ्याकडून पथकर घ्यायचा नाही, अशी अट घातली होती. याच जमशेटजींची संपत्ती मोठ्या प्रमाणात चीनला जाणाऱ्या अफूतून आली. १८४२ मध्ये त्यांना 'सर' ही पदवी मिळाली, १८५७ मध्ये बॅरोनेट ही वंशपरंपरागत पदवी. ब्रिटिश दरबारात वजन, पारशी समाजात मान, धर्माची शिकवण आणि उपचाराविना मरणारी माणसं डोळ्यांसमोर असणं, यातल्या नेमक्या कशामुळे त्यांच्या हातून पैसे सुटले? वाद घालत बसता येईल. माझं मत विचाराल तर कॉजवेची ती अट मला जास्त बोलकी वाटते. नाव हवं असणाऱ्याला पूल पुरला असता. पथकर नको म्हणणारी बाई पुलावरून डोक्यावर पाटी घेऊन जाणाऱ्याचा विचार करत होती. आणि पूल माहीमचा, म्हणून दात्याचं नाव त्याला कुणी रोजच्या बोलण्यात लावतही नाही.

अफूचा पैसा होता म्हणून रुग्णालय नको होतं का, असं कुणी विचारलं की मी उत्तर टाळतो असं लोकांना वाटतं. टाळत नाही. पैसा कुठून आला आणि तो का दिला, हे दोन निराळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर वाईट असेल तर आजच्या संस्थेने नाही म्हणायला हवं, कारण तो पैसा घेतल्याने एखाद्याचा चालू अन्याय धुतला जातो. दुसऱ्याचं उत्तर नुसतं "कीर्तीसाठी" असेल, तर मला त्यात फारसं वावगं दिसत नाही.

अर्थशास्त्रज्ञांनी या विषयात बरंच डोकं घातलंय. जेम्स अँड्रिओनी याने १९८९-९० च्या सुमाराला एक साधा मुद्दा मांडला. लोकांना फक्त गरजूचं भलं व्हावं एवढंच हवं असेल, तर सरकारने त्याच कामाला एक रुपया दिला की त्यांनी आपला एक रुपया काढून घ्यायला हवा. काम तर होतंय. प्रत्यक्षात तसं पूर्णपणे होत नाही. म्हणजे काम होण्याखेरीज "मी दिलं" याचंही माणसाला काहीतरी मिळतं. त्याला त्याने 'वॉर्म ग्लो' म्हटलं. दिल्यानंतर छातीत जी ऊब वाटते ती. २००७ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठात १९ स्त्रियांना प्रत्येकी १०० डॉलर देऊन, मेंदूचं चित्रण चालू असताना, त्यातले काही अन्नपेढीला दिले गेले. कधी त्यांच्या मर्जीने, कधी करासारखे सक्तीने. मर्जीने देताना मेंदूतले सुखाचे भाग जास्त उजळले, आणि गंमत म्हणजे सक्तीने गेले तेव्हाही काही प्रमाणात उजळले.

इथे एक चलाखी होते तिच्यापासून सावध राहा. "बघा, देऊन आनंद होतो, म्हणजे आनंदासाठी दिलं, म्हणजे स्वार्थ." हा युक्तिवाद ऐकायला चोख वाटतो, पण उलटा आहे. मुलं पोटभर जेवली याचा आनंद कुणाला होतो? ज्याला त्यांच्या जेवण्याची फिकीर आहे त्याला. ज्याला फिकीरच नाही त्याने कितीही दिलं तरी ती ऊब येणार नाही. आनंद हा त्या फिकिरीचा परिणाम आहे. त्यालाच कारण ठरवलं, तर आई मुलासाठी जागते तेही स्वार्थच म्हणावं लागेल, आणि मग स्वार्थ या शब्दाने काहीच वेगळं दाखवता येणार नाही. सक्तीने पैसे गेल्यावरही मेंदू सुखावतो, तेव्हा तिथे "मी दिलं" हा तोराही नसतो. समोरच्याचं भलं झालं एवढंच उरतं.

ज्या हेतूबद्दल कुणी बोलत नाही आणि ज्यावर आपल्याकडचा पुष्कळ पैसा गोळा होतो, तो म्हणजे भीड. गणपतीची वर्गणी घ्या. पोरं पावतीपुस्तक घेऊन दारात उभी, "काका, गेल्या वर्षी पाचशे होते." यात परोपकार किती, श्रद्धा किती, आणि खाली गाडी लावायची आहे हा विचार किती? सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कामवाल्या मावशींच्या ऑपरेशनसाठी यादी फिरते. पहिल्याने दोन हजार लिहिले की बाकीचेही तेवढेच लिहितात. स्टेफानो डेलाविन्या, जॉन लिस्ट आणि उलरिके मालमेंडियर यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात शिकागोजवळच्या घरांवर आदल्या दिवशी चिठ्ठी लावली: उद्या अमुक वेळेला देणगी मागायला येऊ. दार उघडणारे ९ ते २५ टक्क्यांनी घटले. चिठ्ठीवर "आमच्याकडे येऊ नका" अशी खूण करायची सोय ठेवली, तर देणगी २८ ते ४२ टक्क्यांनी घटली, आणि घटल्या त्या मुख्यतः दहा डॉलरच्या आतल्या. छोट्या रकमांत नकाराची लाज किती असते, याचा इतका स्वच्छ पुरावा मी दुसरा पाहिला नाही.

आपल्या परंपरेला हे ठाऊक होतं. तैत्तिरीय उपनिषदात शिकून बाहेर पडणाऱ्या शिष्याला गुरू सांगतो की श्रद्धेने द्यावं, आणि तिथेच न थांबता पुढे म्हणतो, "श्रिया देयम्। ह्रिया देयम्। भिया देयम्।" ऐपतीने दे, लाजेने दे, भीतीने दे. गीतेच्या सतराव्या अध्यायातली सात्त्विक-राजस-तामस दानाची उतरंड सगळ्यांना पाठ असते, हे मात्र कमी लोक सांगतात. मला स्वतःला उपनिषदातला हा गुरू जास्त व्यवहारी वाटतो. पण संस्था म्हणून भिडेवर उभं राहू नका. भिडेने दिलेला माणूस पुढच्या वर्षी तुमचा नंबर बघून फोन उचलत नाही.

बक्षिसाचंही तसंच. स्वीडनमधल्या योटेबोरी शहरातल्या २००८ च्या अभ्यासात रक्तदानासाठी ५० क्रोनर देऊ केल्यावर तयार होणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण ५२ टक्क्यांवरून ३० वर आलं. तेच ५० क्रोनर एखाद्या धर्मादाय संस्थेला देता येतील असं सांगितल्यावर ते पुन्हा वर गेलं. पुरुषांत असा ठळक फरक दिसला नाही. भारतात १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आहे, तरी नेत्याच्या वाढदिवसाच्या शिबिरात हेल्मेट आणि जेवणाचे डबे वाटले जातात. ते बघून मला नेहमी वाटतं की नुसतं रक्तदान म्हणून येणारे काही जण यामुळेच फिरकत नसतील. देणगीदारांना भेटवस्तू पाठवायचा प्रस्ताव तुमच्या मंडळासमोर आलाच, तर एवढं लक्षात असू द्या.

आता गोष्टी सांगून पैसे मिळवण्याबद्दल. एका मुलाचा फोटो आणि नाव छापलं की पैसे येतात, आकडे छापले की येत नाहीत. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक यांच्या २००७ च्या प्रयोगात पाच डॉलर हातात असलेल्या लोकांनी मालीतल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीसाठी सरासरी २.३८ डॉलर दिले, लाखो भुकेल्यांच्या आकडेवारीसाठी १.१४. दोन्ही एकत्र दाखवलं तर १.४३. म्हणजे आकड्यांनी रोकियाचंही नुकसान केलं. हे वाचून तरुण सहकाऱ्यांना वाटतं, मग टाका पोरांचे फोटो. टाकू नका. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख प्रसिद्ध करायला २०१५ च्या बाल न्याय कायद्याने मनाई आहे, हा एक भाग. दुसरा असा, की ज्या मुलीचा रडका चेहरा तुम्ही पत्रकावर छापता तीच उद्या कॉलेजात जाणार आहे. गोष्ट सांगायचीच तर शिकून बाहेर पडलेल्या, वयाने मोठ्या झालेल्या आणि स्वतः हो म्हणणाऱ्या माणसाची सांगा. पैसे थोडे कमी येतील.

आणि इथेच मी वर म्हटलेला हक्काचा प्रश्न येतो. वसतिगृहात हे तुम्ही रोज बघणार आहात. रविवारी, पितृपक्षात आणि वाढदिवसांना अन्नदान करणाऱ्यांची रांग. कधी एकाच दिवशी दोन ठिकाणचं गोड. बुधवारी कुणी नाही. विजेचं बिल, वॉर्डनचा पगार, हिशेब तपासनीसाची फी, संडासाची दुरुस्ती यासाठी तर कुणीच नाही. आलेल्या कुटुंबाला मुलांनी रांगेत बसून प्रार्थना म्हणावी, केक कापताना टाळ्या वाजवाव्यात, फोटोत हसावं असं वाटतं. या माणसांचा हेतू वाईट नसतो. वडील गेले, त्यांच्या तिथीला कुणाच्या तरी पोटात अन्न जावं, ही फार जुनी आणि माझ्या मते चांगली इच्छा आहे. पण जेवण दिल्याबरोबर त्यांना मुलांच्या संध्याकाळवर हक्क मिळतो, आणि तिथे संस्थेने मध्ये उभं राहायचं असतं.

ते भांडण न करता जमतं. "एक दिवसाचा खर्च" अशी एकच देणगी ठेवा. त्यात जेवणाबरोबर वीज, औषधं, पगार, साबण सगळं धरा आणि पत्रकावर तसं उघड लिहा. तारीख देणगीदाराने निवडायची. त्या दिवशी भोजनगृहाच्या फळ्यावर "आजचा दिवस अमुक यांच्या स्मरणार्थ" असं लिहायचं आणि त्या फळ्याचा फोटो त्यांना पाठवायचा. मुलांचा फोटो नाही. भेटीची वेळ ठेवायची ती मुलं शाळेत असताना. इमारत, स्वयंपाकघर, हिशेब दाखवायचे. आजोबांची तिथीही पाळली जाते आणि बुधवारही भागतो. सुरुवातीला दहातले दोन-तीन रागावून जातात. त्यांना जाऊ द्या. त्यांना मुलांशी नाही, प्रेक्षकांशी काम होतं.

गुप्तदानाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विश्वस्त म्हणून माहीत हवं. सगळ्यांत शुद्ध मानलं जाणारं हे दान कायद्याला सगळ्यांत संशयास्पद वाटतं. ज्याच्या नावा-पत्त्याची नोंद नाही अशा देणग्या एक लाख रुपये किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के, यातल्या मोठ्या रकमेच्या वर गेल्या, तर धर्मादाय संस्थेला वरच्या रकमेवर ३० टक्के कर लागतो. निव्वळ धार्मिक न्यासांना हे लागू नाही, म्हणून देवळाची हुंडी चालते आणि तुमच्या दारातली पेटी अडचणीची ठरू शकते. नाव नको म्हणणाऱ्याला एवढंच सांगा: नाव आमच्या वहीत राहील, फलकावर येणार नाही. नाव लपवणाऱ्यांत सगळे संत नसतात हेही खरं. काहींना बाकीच्या संस्था मागे लागायला नको असतात, काहींना घरात कळू द्यायचं नसतं.

कंपन्यांच्या सीएसआरला, म्हणजे सामाजिक जबाबदारी म्हणून कराव्या लागणाऱ्या खर्चाला, मी या चर्चेत धरतच नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारावरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायला लावलं. तो अनुपालनाचा पैसा आहे, त्याला अहवाल लागतो. अहवाल द्या, हेतू शोधत बसू नका.

त्याउलट 'लोकसत्ता'च्या 'सर्वकार्येषु सर्वदा' या उपक्रमाकडे जरूर बघा. २०११ पासून गणेशोत्सवात दर वर्षी दहा संस्थांची माहिती छापली जाते, वाचक चेक पाठवतात आणि त्यांची नावंही अंकात येतात. डोंबिवलीतला निवृत्त कारकून कधी न पाहिलेल्या गडचिरोलीतल्या संस्थेला पैसे का पाठवतो? नाव छापून येतं म्हणून, असं म्हणणाऱ्याने ती यादी बघावी. बारीक टायपातली शेकडो नावं, शेजाऱ्यालाही सापडायची नाहीत. मला वाटतं त्याला द्यायचं आधीपासून होतंच, अडलं होतं ते कुणावर विश्वास ठेवावा इथे. वर्तमानपत्राने तेवढी हमी घेतली. आपण हेतूंवर जेवढं बोलतो त्याच्या निम्मंही विश्वासावर बोलत नाही, आणि पैसे अडतात ते बहुतेक तिथेच.

म्हणून उद्यापासून करायचं काम. देणगीदारांच्या एक्सेलमध्ये एक रकाना वाढवा: यांना काय कळवायचं. पहिली देणगी आली की आठवड्याभरात फोन करून विचारा, "आमच्याबद्दल कुठून कळलं, आणि तुम्हाला आमच्याकडून काय ऐकायला आवडेल?" "का दिलंत?" असं विचारू नका, माणूस संकोचतो आणि छापील उत्तर देतो. कुणी म्हणेल आईच्या तिथीला संदेश पाठवा, कुणी म्हणेल वार्षिक हिशेब, कुणी म्हणेल फक्त पावती, फोन नको. सांगितलं तेवढंच पाठवा. वर्षाने पुन्हा मागा आणि पुन्हा देणारे किती निघतात ते बघा. पहिली देणगी भिडेने किंवा भावनेच्या भरात येऊ शकते, तिसरी तशी येत नाही. आणि देणगीदारांचं विवरण ३१ मेच्या आत आयकर खात्याकडे भरा. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क पडतं, आणि ते भरायला कुणी देणगी देत नाही.